विलो क्रीकनं काय मोजलं, काय राहिलं

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक अहवालातला तक्ता भरायचं काम गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहे. सरासरी उपस्थिती, बाप्तिस्मे, नवे सभासद, शब्बाथशाळेतली मुलं, दान. हे रकाने भरायला पाच मिनिटं पुरतात. पेन अडतं ते ‘सुवार्ताकार्य’, म्हणजे येशूचा संदेश बाहेरच्यांपर्यंत नेण्याचं काम, या रकान्यापाशी. किती सभा झाल्या, किती घरांना भेटी दिल्या, हे वहीत टिपलेलं असतं आणि तसंच उतरवून काढता येतं. पण त्या भेटींचं पुढे झालं काय? कुणाच्या मनात काही हललं का? तक्त्यात त्याला जागा नाही, आणि असती तरी मी तिथे काय लिहिलं असतं कोण जाणे.

माणसं मोजण्याबद्दल पवित्र शास्त्रातही एकच सूर नाही. दाविदानं प्रजेची शिरगणती केली ते पाप ठरलं, देशावर मरी आली. उलट प्रेषितांच्या कृत्यांत पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडल्याचं कौतुकानं सांगितलं आहे. आणि हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातल्या मेंढपाळाला एक मेंढरू कमी आहे हे कळलं कसं? त्यानं मोजलं म्हणूनच ना! त्यामुळे मोजावं की मोजू नये, या वादात मला फारसा रस नाही. काय मोजायचं आणि कुणाला मोजायचं, गोम तिथे आहे.

हा प्रश्न एका चर्चनं पैसा, वेळ आणि जाणकार माणसं लावून सोडवायला घेतला. निघालेलं उत्तर गैरसोयीचं होतं, तरी ते जाहीर केलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं हे विलो क्रीक कम्युनिटी चर्च. चर्चच्या कामाच्या मोजमापाबद्दल इतकं उघडपणे बोलल्या गेलेल्या गोष्टी फार नाहीत, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतो आहे.

दारावरचा प्रश्न

१९७५चा उन्हाळा. या चर्चचे संस्थापक बिल हायबल्स तेव्हा तेवीस वर्षांचे. सोबत्यांना घेऊन ते शिकागोच्या उपनगरांत दारोदार फिरत होते. बेल वाजवायची आणि विचारायचं, ‘तुम्ही नियमित चर्चला जाता का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याचे आभार मानायचे आणि पुढचं दार गाठायचं. त्याला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न करायचा नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला मात्र आणखी एक प्रश्न: ‘का नाही?’

उत्तरं फिरून फिरून तीच येत होती. तिथे सारखे पैसे मागतात. कंटाळा येतो. जे बोलतात त्याचा आमच्या रोजच्या जगण्याशी काही संबंध नसतो. आणि बाहेर पडताना आपण अपराधी आहोत, अडाणी आहोत असं वाटत राहतं.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला पॅलेटाइन गावातल्या भाड्यानं घेतलेल्या एका चित्रपटगृहात पहिली उपासना झाली. चित्रपटगृहाचं नाव विलो क्रीक, तेच चर्चला चिकटलं. दारावर ऐकलेल्या प्रत्येक तक्रारीला या उपासनेत जणू एकेक उत्तर होतं. पाहुण्यांनी दान द्यायची गरज नाही, हे स्पष्ट सांगितलं जाई. संगीत त्या काळात लोक ऐकत होते तसलं. उपदेशाच्या आधी छोटं नाट्य. विषय लग्नाचे, नोकरीचे, एकटेपणाचे. पुढे १९८१मध्ये साउथ बॅरिंग्टनला स्वतःची इमारत उभी राहिली, तेव्हा सभागृहात क्रूसही लावला नाही, कारण नवख्या माणसाला बुजल्यासारखं होऊ नये. शनिवार-रविवारची उपासना शोधकांसाठी, म्हणजे अजून श्रद्धा न जडलेल्या पण कुतूहल असलेल्या माणसांसाठी, आणि ज्यांची श्रद्धा जडली आहे त्यांच्यासाठी आठवड्याच्या मध्ये वेगळी उपासना, अशी वाटणी होती.

या सगळ्याला नावं ठेवणारे पुष्कळ होते. हायबल्स यांच्या कार्यालयाबाहेर तीन प्रश्नांचा एक फलक होता: आपला धंदा काय, आपलं गिऱ्हाईक कोण, आणि त्या गिऱ्हाइकाला मोल कशाचं वाटतं. हे प्रश्न व्यवस्थापनशास्त्रातल्या पीटर ड्रकर यांचे. चर्चच्या भिंतीवर ‘गिऱ्हाईक’ हा शब्द पाहून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मलाही तो शब्द खटकतो. पण १९७५च्या त्या दारोदार फिरण्याबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. सुवार्ताकार्य मोजायचं असेल तर पहिला प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारायला हवा, आणि त्यांनी नेमका त्यालाच विचारला होता.

शंभर नवे चेहरे

पुढची तीस वर्षं आकडे चढत गेले. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं १९९१मध्ये या चर्चवर प्रकरण अभ्यास लिहिला. इतर चर्चना हीच पद्धत शिकवण्यासाठी १९९२मध्ये विलो क्रीक असोसिएशन स्थापन झाली. २००४मध्ये सात हजारांहून अधिक आसनांचं नवं सभागृह उघडलं. आठवड्याला हजारोंनी माणसं येत होती.

चर्चनं स्वतःचं ध्येय एका वाक्यात बांधलं होतं: अधार्मिक माणसांना येशू ख्रिस्ताचे पूर्ण समर्पित अनुयायी बनवणं. या वाक्याला दोन टोकं आहेत. एका टोकाला अधार्मिक माणूस, दुसऱ्या टोकाला समर्पित अनुयायी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूनं दिलेल्या आज्ञेचा गाभाही तोच: जा आणि शिष्य करा. उपस्थितीचा आकडा यातलं कुठलंच टोक मोजत नाही. तो मोजतो खुर्च्या.

हे नीट दिसावं म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा एखाद्या चर्चमध्ये वर्षभरात शंभर नवे चेहरे आले. त्यांतले साठ दुसऱ्या चर्चमधून आलेले, कारण इथलं गाणं बरं, मुलांसाठी सोय चांगली, गाडी लावायला जागा मोठी. पंचवीस जण सभासदांचीच मुलं, वयात येऊन यादीत नाव लागलेली. पाच जण पूर्वी श्रद्धावान होते, मध्ये दुरावले, आता परतले. उरले दहा. याआधी चर्चशी काही संबंध नव्हता असे हे दहा. वार्षिक सभेत मात्र ‘शंभर’ वाचलं जातं, टाळ्या पडतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत साठ जणांना गमावून बसलेल्या शेजारच्या चर्चचं कुणी नसतं.

ही विभागणी काही माझी नव्हे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी ती रूढ केली. त्यांचा जन्म १८९७चा, मध्य भारतातल्या दमोहचा. मिशनरी आईबापांचे हे चिरंजीव स्वतःही मध्य भारतात अनेक दशकं मिशनरी होते. तिथे त्यांना एका गोष्टीनं पछाडलं. शाळा, दवाखाने, माणूसबळ सगळीकडे सारखंच असूनही काही ठिकाणी मंडळी झपाट्यानं वाढते आणि बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथे राहते, असं का? त्यांनी वाढीचे तीन झरे वेगळे केले: घरातल्या जन्मांमधून होणारी वाढ, दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्यांची वाढ, आणि बाहेरून नव्यानं श्रद्धा ठेवणाऱ्यांची वाढ. सुवार्ताकार्याचा हिशेब लागतो तो फक्त तिसऱ्यात. १९६५मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत जागतिक मिशनचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांच्या विचारांवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि त्यातली काही रास्त होती. आकड्यांचं वेड लागलं की माणूस दिसेनासा होतो, हा त्यातला मोठा आक्षेप. पण तीन रकाने वेगळे ठेवायची त्यांची शिस्त कुणाला खोडून काढता आलेली नाही.

दुसरी अडचण अशी की तिसऱ्या रकान्यातही फक्त शेवटची पायरी दिसते. जेम्स एंगल हे ग्राहकांच्या वर्तनाचे अभ्यासक. त्यांनी १९७०च्या दशकात एक पट्टी आखली. कुणीतरी परमेश्वर आहे एवढंच ज्याला ठाऊक, तो उणे आठवर. थोडी माहिती झालेला, मग आपल्या आयुष्याशी याचा काही संबंध आहे असं वाटू लागलेला, अशी एकेक पायरी चढत माणूस निर्णयापाशी येतो. उणे सातवरचा माणूस उणे चारवर आला तर काम झालंच, पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचा मागमूस नसतो. शेजारधर्म म्हणून कुणी वर्षानुवर्षं कुणाच्या सुखदुःखात धावून जातं, त्याचं मोल या पट्टीवर निदान दाखवता तरी येतं. पट्टी फार सरळ आहे, माणसं अशी पायऱ्यापायऱ्यांनी चालत नाहीत, हे खरंच. तरी नुसत्या बाप्तिस्म्यांच्या आकड्यापेक्षा ती बरी.

गृहीतक कोसळलं

विलो क्रीकचे कार्यकारी पाळक ग्रेग हॉकिन्स पूर्वी व्यवस्थापन सल्लागार होते. चर्चमधले उपक्रम उदंड होते: उपासना, छोटे गट, सेवेच्या तुकड्या, वर्ग. त्यामागचं गृहीतक कुणी कागदावर मांडलं नव्हतं, पण सगळे त्यावरच चालत होते. माणूस जितक्या जास्त उपक्रमांत, जितक्या वेळा सामील होईल, तितका तो ख्रिस्ताचा चांगला शिष्य होईल. कुठल्याही चर्चच्या समितीत बसून पाहा, हेच गृहीत धरलेलं दिसेल. आमच्याकडेही ‘अमुक कुटुंब फार सक्रिय आहे’ हे वाक्य प्रशस्तिपत्रासारखं वापरलं जातं.

२००४मध्ये हॉकिन्स यांनी हे गृहीतक तपासायला घेतलं. सोबत कॅली पार्किन्सन आणि ग्राहक-संशोधनाच्या क्षेत्रातून आलेले एरिक आर्नसन. आर्नसन यांच्या अनुभवामुळे प्रश्नावलीचा रोख बदलला. तुम्ही काय काय करता, एवढं विचारून ते थांबले नाहीत. तुमच्या मनात काय आहे, तुम्हाला कशाची गरज वाटते, देवाशी तुमचं नातं आज कुठे आहे, हेही विचारलं. उत्तरांवरून माणसांचे चार गट पडले: ख्रिस्ताचा शोध घेणारे, ख्रिस्तात वाढणारे, ख्रिस्ताच्या निकट असलेले आणि ख्रिस्तकेंद्रित. पुढे इतर काही चर्चनाही पाहणीत घेतलं आणि २००७मध्ये ‘रिव्हील’ या नावानं निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गृहीतक टिकलं नाही. उपक्रमांतला सहभाग वाढला म्हणून माणूस शिष्यत्वात पुढे सरकतोच, असं आकडे सांगत नव्हते. सहभागी माणूस सहभागी होता, इतकंच. चर्चचे उपक्रम कामी येत होते ते सुरुवातीच्या गटांना, विशेषतः शोध घेणाऱ्यांना. पुढच्या गटांत फरक पडत होता तो वैयक्तिक सवयींनी: प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन आणि त्यावरचं मनन. पंचविसाहून अधिक टक्के लोकांनी स्वतःचं वर्णन ‘अडकलेले’ किंवा ‘असमाधानी’ असं केलं. असमाधानी म्हणवणाऱ्यांपैकी ६३ टक्के चर्च सोडण्याच्या विचारात होते.

हे असमाधानी लोक काठावरचे असतील, कधीमधी येणारे असतील, असा आपला अंदाज. तो साफ चुकीचा निघाला. त्यांतले पुष्कळ जण दान देणारे, सेवा करणारे, न चुकता येणारे होते. चर्चनं आणखी काही द्यावं, आणखी खोल न्यावं, अशी त्यांची भूक होती, आणि चर्च त्यांना वर्षानुवर्षं पहिल्याच पंगतीचं ताट वाढत होतं.

हायबल्स यांनी हे निष्कर्ष नेत्यांच्या परिषदेत जाहीरपणे सांगितले. ज्या गोष्टींवर लाखो डॉलर खर्चले त्यांनी माणसांना फारशी मदत केली नाही, आणि लोकांना स्वतःच्या आध्यात्मिक भुकेची सोय स्वतः करायला शिकवायला हवं होतं, ते राहून गेलं, अशा अर्थाची कबुली दिली. एवढ्या मोठ्या चर्चचा संस्थापक व्यासपीठावर उभा राहून ‘आमचं चुकलं’ म्हणतो, हे विरळाच. २००८मध्ये आठवड्याच्या मधली मोठी उपासना बंद करून तिच्या जागी निरनिराळ्या पातळीवरच्या लोकांसाठी वर्ग सुरू केले. पाहणी पुढे विस्तारत गेली. २०११पर्यंत एक हजाराहून अधिक चर्चमधल्या सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं गोळा झाली होती, आणि पवित्र शास्त्रावरचं मनन ही सर्वांत प्रभावी सवय, हा निष्कर्ष तेव्हाही टिकला.

या अहवालाची चर्चा बहुतेक शिष्यत्वाच्या अंगानं झाली. ‘शोधकांसाठीची चर्च फसली’ असं म्हणत टीकाकारांनी फटाके फोडले. माझ्या मते सुवार्ताकार्याबद्दलचे दोन महत्त्वाचे निष्कर्ष त्या आवाजात बुडाले. पहिला, शोधकांसाठी केलेलं काम शोधकांच्या खरोखर उपयोगी पडत होतं. म्हणजे १९७५च्या प्रश्नातून जे उभं राहिलं ते पोकळ नव्हतं. दुसरा जास्त मोलाचा. इतरांशी श्रद्धेबद्दल बोलणारे, त्यांना सोबत घेऊन येणारे, सेवा करणारे आणि हात सैल सोडून देणारे सर्वांत जास्त होते ते शेवटच्या गटात, ख्रिस्तकेंद्रित माणसांत. असमाधानी माणसं निघून जातात तेव्हा बाहेरच्यांपर्यंत चालत जाणारे पायच चर्चमधून कमी होतात. उपस्थितीच्या तक्त्यात त्या जागी लगेच नवी माणसं दिसतात, त्यामुळे हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही.

जिन्याचं छायाचित्र

पाहणीवर जाणकारांनी आक्षेप घेतले. कनेक्टिकट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ब्रॅडली राइट यांनी त्याबद्दल तपशिलात लिहिलं. मुख्य मुद्दा असा की ही एका वेळची पाहणी होती. त्याच माणसांना पाच-दहा वर्षांनी पुन्हा विचारलेलं नव्हतं.

मला हे असं दिसतं. जिन्यावर माणसं उभी आहेत आणि आपण एक छायाचित्र काढलं. कोण कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं. पण कोण चढतंय, कोण उतरतंय आणि कोण तिथेच दम खात बसलंय, हे त्या छायाचित्रात कसं कळणार? ‘शोध घेणारे’ पुढे ‘वाढणारे’ होतात, मग ‘निकट’ येतात, हा क्रम पाहणीनं सिद्ध केलेला नव्हता, तो आधीच धरलेला होता. पवित्र शास्त्राचं मनन केल्यानं माणूस ख्रिस्तकेंद्रित होतो, की मुळात ओढ असलेला माणूस मनन करतो, हेही एका छायाचित्रावरून ठरवता येत नाही. शिवाय ‘मी ख्रिस्ताच्या निकट आहे’ हे ज्याचं तो सांगणार. शेजाऱ्याला विचारलं तर उत्तर वेगळं येईल. घरच्यांना विचारलं तर आणखी वेगळं. प्रश्नावली भरून पाठवणाराही साधारणपणे ज्याला आस्था आहे तोच असतो.

हे आक्षेप बरोबर आहेत, तरी त्यांनी अहवाल रद्दी ठरत नाही. सहभाग वाढला की शिष्यत्व वाढतंच, हे गृहीतक डळमळीत करायला एक छायाचित्रही पुरेसं होतं. त्या जागी नवं गृहीतक बसवायला ते पुरेसं नव्हतं. हा फरक विलो क्रीकच्या उत्साहात थोडा निसटला, आणि त्यांच्या पाहणीचा संच वापरणाऱ्या चर्चमध्ये तर आणखीच.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. १९७५मध्ये प्रश्न विचारला गेला तो चर्चला न जाणाऱ्याला. २००४मध्ये प्रश्नावलीचा मुख्य भर होता चर्चच्या परिघातल्या माणसांवर. त्यांत शोध घेणारे होते, पण तेसुद्धा आत येऊन शोध घेणारे. मधल्या तीस वर्षांत चर्च इतकं मोठं झालं की आतल्या माणसांना समजून घेणं हाच एक पूर्ण वेळचा उद्योग झाला. ध्येयवाक्यात पहिलं नाव ज्याचं होतं तो अधार्मिक माणूस, बेल वाजल्यावर दार उघडणारा, पाहणीच्या कडेला गेला. साउथ बॅरिंग्टनच्या आसपास २००४मध्ये कुणी पुन्हा दारोदार फिरून ‘का नाही?’ विचारलं असतं, तर कदाचित एक नवं उत्तर कानावर आलं असतं: ‘तिथे फार गर्दी असते.’ हा माझा तर्क आहे, पण तो तपासायला हजारो डॉलर लागले नसते.

ज्याला प्रश्नावलीत जागा नव्हती

मार्च २०१८मध्ये शिकागो ट्रिब्यूननं हायबल्स यांच्यावरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांची बातमी छापली. त्यांनी आरोप नाकारले, पण एप्रिलमध्ये पद सोडलं. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये आणखी एका स्त्रीची हकिकत आली आणि त्यानंतर काही दिवसांत त्यांच्या जागी आलेल्या दोन्ही प्रमुख पाळकांनी आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या (एल्डर्सच्या) संपूर्ण मंडळानं राजीनामा दिला. स्वतंत्र सल्लागार गटानं २०१९च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात हे आरोप विश्वासार्ह असल्याचं म्हटलं. उपस्थितीही घसरली.

हे सगळं मोजमापाच्या लेखात कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते इथलंच वाटतं. अमेरिकेतल्या चर्चमध्ये स्वतःच्या कामाची एवढी कसून पाहणी करणारं दुसरं चर्च शोधायला गेलं तर पटकन सापडणार नाही. लोकांच्या मनातल्या गरजा, असमाधान, देवाशी असलेलं नातं, सगळ्याचे तक्ते तिथे होते. आणि ज्या स्त्रियांना काही सांगायचं होतं त्यांच्यासाठी त्या तक्त्यांत जागा नव्हती. त्यांनी सांगितलं तेव्हा मंडळानं आधी नेत्याचीच बाजू घेतली, त्याबद्दल नंतर माफी मागितली. पाहणी आखणाऱ्यांना याचा दोष मी देत नाही. प्रश्नावली त्यासाठी नव्हतीच. पण ‘आमच्याकडे आकडे आहेत’ या खात्रीमुळे कान जरा जड होतात, हे मी माझ्यावरूनही सांगू शकतो.

आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेतून पाहिलं तर? चाळीसेक वर्षांपूर्वी ज्यानं दारात उभं राहून ‘तिथे ढोंग असतं’ असं काहीसं म्हटलं असेल, त्याला ही बातमी वाचून काय वाटलं असेल? एका वर्षात किती माणसं एंगल यांच्या पट्टीवर चार पायऱ्या खाली घसरली, हे कुणी मोजलेलं नाही.

रकाने

मग आम्ही काय करावं, असं मला आमच्या समितीत विचारतात. विलो क्रीकसारखी पाहणी करायची ऐपत बहुतेक चर्चची नसते, आणि तशी गरजही नसते. मी तीन-चार साध्या गोष्टी सुचवल्या. काही मान्य झाल्या, काहींवर नुसतीच मान डोलावली गेली.

नव्या माणसाच्या कार्डावर एक प्रश्न वाढवला: ‘याआधी कुठल्या मंडळीत जात होता?’ एवढ्या एका ओळीनं शंभराचा आकडा तीन तुकड्यांत फुटतो. हा प्रश्न छापायला सहा महिने गेले. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, ‘पाहुण्याला असं विचारणं बरं दिसतं का?’ खरी अडचण त्यांनाही माहीत होती आणि मलाही. उत्तरं आली की आमचा आकडा लहान दिसणार होता. आणि तो दिसलाही.

दुसरं, भेटी किती दिल्या याऐवजी त्याच घरी पुन्हा किती वेळा गेलो, हे लिहायचं. पहिल्या भेटीत माणूस चहा-पाणी विचारतो, तिसऱ्या भेटीत घरातलं भांडण सांगतो. वहीत दोन्ही ‘भेट’च, पण एका घरी पाच वेळा गेलेला माणूस पाच घरी एकेकदा गेलेल्यापेक्षा तक्त्यात कमी भरतो, तो अन्याय निदान थांबला.

तिसरं, वर्षातून एकदा चर्चच्या आसपास राहणाऱ्या, पण चर्चशी काही संबंध नसलेल्या थोड्या माणसांना विचारायचं: ‘हे चर्च उद्या बंद झालं तर तुम्हाला काही फरक पडेल का?’ हे अजून झालेलं नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घेऊ, असं गेल्या तीन बैठकांत ठरलं आहे.

चौथा रकाना ‘गेलेले’. यादीतून नाव कमी होतं तेव्हा कारण लिहायची पद्धत आमच्याकडे होतीच: मृत्यू, स्थलांतर, इतर. सगळं काही ‘इतर’मध्ये मुरायचं. मी ठरवलं की ‘इतर’मधल्या प्रत्येकाला निदान एक फोन करायचा. परत या म्हणायला नाही, फक्त विचारायला. पहिले दोन-तीन फोन फार अवघड गेले. एकानं कामात आहे म्हणून ठेवून दिला. एका बाईंनी अर्धा तास मनातलं सगळं सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्याबद्दलच होतं.

एक गृहस्थ शांतपणे बोलले. पंधरा वर्षं आमच्याकडे होते, गायनवृंदात उभे राहायचे, शब्बाथशाळेत शिकवायचे, भेटींच्या वहीत त्यांचं नाव पानापानावर होतं. तक्रार काही नाही म्हणाले. शेवटी मी कार्डावरचाच प्रश्न थोडा फिरवून विचारला, ‘मग आता कुठल्या चर्चला जाता?’

‘कुठेच नाही.’

‘का?’ असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात त्यांनीच सगळ्यांची खुशाली विचारली आणि बोलणं दुसरीकडे गेलं. फोन ठेवल्यावर तक्ता पुढे ओढला. दुसऱ्या चर्चमध्ये गेलेल्यांसाठी रकाना होता, गाव सोडलेल्यांसाठी होता. यांच्यासाठी नव्हता. समासात त्यांचं नाव लिहिलं, आणि पुन्हा फोन करायचा दिवस.